तुंगनाथच्या वाटेवर प्रिम्युला शोधायची तर

फुलं बघायला आपली मंडळी हिमालयात जातात ती जुलै-ऑगस्टात. कासची सवय; पाऊस पडला की फुलं, हे डोक्यात पक्कं. प्रिम्युला डेंटिक्युलाटा, ही हिमालयातली जांभळ्या फुलांची छोटी वनस्पती, मात्र पावसासाठी थांबत नाही, तिला वितळता बर्फ लागतो. हिवाळा ती जमिनीलगतच्या जाड कळीत काढते, म्हणून बर्फ हटला की लगेच फुलते. ऑगस्टात गेलात तर नुसती लांबलचक पानं दिसतील.

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे, गुडघेही कुरकुरतात, म्हणून जागा सांगते ती सोपी: उत्तराखंडातलं चोपता. तिथून तुंगनाथच्या शिवमंदिरापर्यंत साडेतीन किलोमीटरची बांधलेली वाट आहे, सुमारे २,७०० मीटरवरून ३,६८० मीटरवर नेणारी. एप्रिलअखेर ते मे या काळात जा. पहाटे निघा, दुपारी ढग येतात.

खालच्या जंगलात बुरांशाकडे, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉनकडे, बघत रेंगाळायला हरकत नाही. झाडं संपून बुग्याल, म्हणजे गवताळ कुरणं, लागली की समोरची शिखरं थोडा वेळ विसरा आणि खाली बघा. कोरड्या उतारावर शोधू नका. जिथे बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळतोय, त्याच्या खालची ओली, काळपट माती धुंडाळा. जमिनीला चिकटलेला पानांचा झुबका, त्यातून वितीच्या आतबाहेरचा दांडा आणि टोकाला जांभळ्या फुलांचा गच्च चेंडू. पानांच्या कडा बारीक दातेरी असतात. नावातलं डेंटिक्युलाटा त्यावरूनच. पानांवर पिठासारखी भुकटी दिसली तर पुसू नका. रोग नाही तो, झाडानेच बाहेर टाकलेली फ्लेव्होनॉइड द्रव्यं आहेत.

आता खरी गंमत. भिंग घेऊन फुलाच्या पिवळ्या डोळ्यात डोकवा. काही झाडांत मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा हिरवट ठिपका असतो, ती कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक; परागकोश खाली नळीत. शेजारच्या झाडात ठिपका नाही, परागकोशांचं कडं दिसेल. कुक्षी खाली नळीत. एका झाडाची सगळी फुलं एकाच प्रकारची असतात. कीटकाच्या अंगावर पराग ज्या उंचीवर लागतो, त्याच उंचीवरच्या कुक्षीला तो पोचतो, म्हणजे बहुधा दुसऱ्या प्रकारच्या झाडाला. प्रिम्युलांमधल्या या दोन रूपांवर डार्विनने १८६२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर चित्र काढून सांगायचे. प्रत्यक्ष दोन झाडं शेजारी बघितली की चित्राची गरजच उरत नाही.

फोटोसाठी बुग्यालात आडवं पडू नका, तिथली माती एकदा उखडली की भरायला वर्षं जातात. वाटेच्या कडेलाच भरपूर झाडं मिळतात. फोनमध्ये जांभळा रंग निळसर येतो, तेवढा नंतर सुधारा. रोप उपटून पुण्याच्या बाल्कनीत लावायचा विचार तर करूच नका: परिसर केदारनाथ अभयारण्यात येतो, आणि आपला एप्रिल तिला झेपणारही नाही.