डेटाबेसने किती जागा खाल्ली? मोजताना या चुका टाळा

डिस्क ९५ टक्के भरल्याचा अलर्ट आला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: डेटाबेस केवढा झालाय? मग सिस्टिम ॲडमिन डीयू (फाइलींचा आकार मोजणारी लिनक्स कमांड) चालवून एक आकडा सांगतो, डेव्हलपर क्वेरी चालवून दुसरा, आणि कोणीतरी बॅकअपच्या फाइलकडे बघून म्हणतो, 'छे, याच्या पावसुद्धा नाही.' कोणीच खोटं बोलत नसतं, प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलेली असते. घोटाळा होतो तो यातला एकच आकडा धरून कोणी टेबलं रिकामी करायला किंवा नवी डिस्क मागवायला निघालं की.

टेबल मोजलं, पण अर्धंच

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीजी_रिलेशन_साइज हे फंक्शन नावामुळे फसवतं. ते फक्त टेबलची मुख्य फाइल मोजतं. इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) त्यात नसतात, आणि टोस्टही नसतो. साधारण २ केबीच्या वर गेलेल्या रोमधल्या (टेबलातल्या एका ओळीतल्या) लांबलचक व्हॅल्यू पोस्टग्रेस आधी दाबून बघतो, तरीही मावल्या नाहीत तर टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात हलवतो. त्यामुळे मोठमोठे जेसन साठवणारं टेबल या फंक्शनला चिमुकलं दिसू शकतं. पीजी_टेबल_साइज टोस्ट धरतं, पण इंडेक्स सोडतं. सगळं मिळून हवं असेल तर पीजी_टोटल_रिलेशन_साइज. मी तर सरळ तिन्ही शेजारी-शेजारी काढायला सांगेन. टोटल आणि टेबल यांच्यातला फरक म्हणजे इंडेक्स, आणि कधी कधी इंडेक्सच डेटापेक्षा जड निघतात.

पार्टिशन केलेल्या, म्हणजे तुकड्यांत विभागलेल्या, टेबलचं वेगळंच. मूळ टेबलचं नाव दिलंत तर उत्तर शून्य येतं, कारण मूळ टेबलात काहीच साठवलेलं नसतं. पीजी_पार्टिशन_ट्री वापरून सगळी पार्टिशन्स काढा आणि त्यांची बेरीज करा. 'सर्वांत मोठी दहा टेबलं' दाखवणाऱ्या तयार क्वेरीत एक टेबल शंभर तुकड्यांत विभागलेलं असलं, तर खरा गुन्हेगार यादीत येतच नाही.

मायएसक्यूएलचा आकडा कालचा असू शकतो

इन्फर्मेशन_स्कीमामधल्या टेबल्समधून डेटा_लेन्ग्थ आणि इंडेक्स_लेन्ग्थ यांची बेरीज करायची, हा रूढ मार्ग. पण ८.० पासून ही आकडेवारी कॅशमध्ये ठेवली जाते आणि तिची मुदत मुळात ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस असते. सकाळी लाखो रो भरले आणि दुपारी आकार 'वाढलाच नाही', याचं कारण बहुधा हेच. आपल्या सेशनपुरतं इन्फर्मेशन_स्कीमा_स्टॅट्स_एक्स्पायरी शून्य करा किंवा त्या टेबलवर ॲनालाइझ टेबल चालवा. एवढं करूनही इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं नेहमीचं साठवणूक इंजिन) हा आकडा अंदाजच असतो. फाइल प्रत्यक्षात केवढी आहे ते इनोडीबी_टेबलस्पेसेसमधल्या फाइल_साइज या कॉलममध्ये बघा.

डेटा_फ्रीची (मोकळी जागा दाखवणारा कॉलम) बेरीज मात्र डोळे मिटून करू नका. टेबलं एकाच सामायिक टेबलस्पेसमध्ये (साठवणुकीच्या जागेत) असतील, तर प्रत्येक टेबलसमोर त्या अख्ख्या टेबलस्पेसची मोकळी जागा दिसते. पन्नास टेबलं असली की तीच जागा पन्नासदा मोजली जाते.

डिलीट केलं, तरी जागा तेवढीच

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. कोट्यवधी जुने रो उडवले, डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) बघितलं, आकडा जागचा हलला नाही. बिघडलेलं काहीच नसतं. पोस्टग्रेसमध्ये डिलीट फक्त रो मेल्याची नोंद करतं, कारण आधीपासून चालू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र चालणाऱ्या कामांच्या गटाला) तो रो अजून दिसायला हवा असू शकतो. नंतर व्हॅक्यूम (साफसफाईचं काम) येतो आणि ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो, पण फाइलच्या आत. ऑपरेटिंग सिस्टिमला जागा परत मिळते ती फाइलच्या अगदी शेवटची पानं (फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) पूर्ण रिकामी असतील तरच. इनोडीबीतही मोकळी झालेली पानं त्याच फाइलमध्ये राहतात.

मग कोणीतरी सुचवतं, व्हॅक्यूम फुल चालवा. थांबा. ते टेबल नव्याने लिहितं. तेवढा वेळ टेबलला पूर्ण कुलूप असतं, साधा सिलेक्टसुद्धा अडकतो. शिवाय जुनी फाइल काम संपेपर्यंत तशीच राहते, म्हणजे उरलेला डेटा आणि त्याचे इंडेक्स मावतील एवढी जागा आधी मोकळी लागते. डिस्क भरली म्हणून हा उपाय काढायचा आणि डिस्क भरली म्हणूनच तो फसायचा! मायएसक्यूएलच्या ऑप्टिमाइझ टेबलमध्ये वाचन-लेखन बहुतेक वेळ चालू राहतं, पण नव्या प्रतीसाठी जागा तिथेही लागतेच.

माझं मत विचाराल तर या आतल्या मोकळ्या जागेच्या मागे लोक नको इतके लागतात. टेबल महिनाभरात पुन्हा तेवढंच भरणार असेल तर ती तशीच राहू द्या, नवे रो तिथेच बसतील. जुना डेटा ठरावीक काळाने काढायचाच असेल, तर तारखेनुसार पार्टिशन करा. पार्टिशन ड्रॉप केलं की फाइलच जाते आणि जागा लगेच परत मिळते.

ऑटोव्हॅक्यूम चालू असूनही टेबल फुगतच असेल, तर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये एक्सॅक्ट_स्टार्ट (xact_start, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) बघा. कालपासून उघडं राहिलेलं एखादं ट्रान्झॅक्शन सापडलं, तर त्याच्यामुळे मेलेले रो साफच करता येत नसतात. ते बंद झाल्याशिवाय व्हॅक्यूम कितीही वेळा चालवा, उपयोग नाही.

डेटा जिथल्या तिथे, फुगलाय लॉग

पीजी_डेटाबेस_साइज ४० जीबी सांगतंय आणि २०० जीबीची डिस्क भरलीय, अशा वेळी नजर पीजी_वॉलकडे, म्हणजे बदलांच्या लॉगच्या फोल्डरकडे, वळवा. हा लॉग अख्ख्या क्लस्टरचा (एका सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचा) असतो, कुठल्याच डेटाबेसच्या आकारात धरला जात नाही. तो साचण्याची दोन नेहमीची कारणं: आर्काइव्ह कमांड (लॉगची प्रत दुसरीकडे ठेवणारी) सारखी फेल होतेय, किंवा रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) बंद केली पण तिचा रेप्लिकेशन स्लॉट (तिच्यासाठी लॉग राखून ठेवणारी नोंद) तसाच ठेवला. स्लॉट वाट बघत बसतो आणि १६ एमबीच्या फाइलींचा ढीग वाढत जातो. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये निष्क्रिय स्लॉट शोधा, नको असेल तर काढून टाका. पोस्टग्रेस १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ही मर्यादा घालता येते, पण मुळात ती घातलेली नसते.

काहीही झालं तरी या फोल्डरमधल्या फाइली हाताने उडवू नका. क्रॅशनंतर डेटाबेस उभा राहतो तो याच फाइलींच्या जोरावर.

मायएसक्यूएल ८.० मध्ये बायनरी लॉग (बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि मुळात ३० दिवस ठेवला जातो. आधी सगळ्या रेप्लिका कुठवर पोचल्यात ते तपासा, मग पर्ज बायनरी लॉग्स (जुने लॉग काढणारी कमांड) वापरा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगची फाइल फुगली असेल, तर सिस.डेटाबेसेसमधला लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा कॉलम कारणच सांगतो. तिथे लॉग_बॅकअप दिसलं, तर बहुधा फुल रिकव्हरी मॉडेल (लॉगचा बॅकअप होईपर्यंत लॉग राखणारी सेटिंग) लावलंय आणि लॉगचा बॅकअप मात्र कोणी घेत नाहीये. नुसतं श्रिंक (फाइल लहान) करून भागणार नाही, फाइल पुन्हा फुगेल.

डीयू आणि डीएफ जुळत नाहीत

डीएफ भरलेलं दाखवतंय आणि डीयूची बेरीज खूपच कमी येतेय? कोणीतरी चालू प्रक्रियेची मोठी फाइल, बहुधा स्लो क्वेरी लॉग, आरएमने (फाइल काढणाऱ्या कमांडने) उडवलेली असू शकते. प्रक्रियेने ती उघडी धरली आहे तोवर जागा सुटत नाही. एलएसओएफने (उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडने) ती शोधा. मायएसक्यूएलचा लॉग असेल तर फ्लश लॉग्स पुरतं, सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही.

उलट बाजूने, पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरवर चालवलेला डीयू वेगळ्या डिस्कवरची टेबलस्पेस मोजत नाही. पीजी_टीबीएलएसपीसीमध्ये फक्त सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात आणि डीयू मुळात त्यांच्या मागे जात नाही.

बॅकअप आणि एककं

डम्पच्या (डेटा बाहेर काढून घेतलेल्या बॅकअप फाइलच्या) आकारावरून नव्या सर्व्हरची डिस्क ठरवू नका. डम्पमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते, टेबलांतली रिकामी जागा नसते, आणि बहुतेकदा तो दाबलेलाही असतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या सिस.डेटाबेस_फाइल्समधला साइज कॉलम ८ केबीच्या पानांत असतो. १२,८०,००० हा आकडा म्हणजे १०,००० एमबी. तो केबी समजलात तर आठपट चुकाल.

आकाराची रोज नोंद ठेवत असाल, आणि ठेवावीच, तर ती बाइट्समध्ये ठेवा. पीजी_साइज_प्रेटीचं उत्तर वाचायला छान, पण ते मजकूर असतं. त्यावर उतरत्या क्रमाने सॉर्ट केलंत की ९ जीबीचं टेबल १० जीबीच्या वर जाऊन बसतं.