सावित्रीच्या खाडीत जिताड्यासाठी गळ टाकताना

जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात ज्या नद्यांचे उगम मानले जातात, त्यांपैकी कृष्णा, कोयना आणि वेण्णा यांचे पाणी पूर्वेकडे जाते. सावित्री मात्र घाट उतरून पोलादपूर, महाड, दासगाव असे करत बाणकोटापाशी अरबी समुद्राला मिळते. गळ घेऊन निघणाऱ्याने या नदीचे दोन भाग मानावेत: महाडच्या वरचे गोडे पाणी आणि खालची खाडी. जिताडा हा मोठा खाडीतला मासा हवा असेल, तर खाडीकडेच जावे.

खाडीत माशापेक्षा आधी पाणी ओळखावे लागते. पूर्वी गलबते भरतीवर स्वार होऊन दासगाव बंदरापर्यंत चढत आणि ओहोटीबरोबर परत जात. मुखावरचा बाणकोटचा किल्ला 1756 मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले. पण किल्ला कोणाकडेही असो, तांडेलाचे, म्हणजे गलबताच्या प्रमुखाचे, वेळापत्रक चंद्रच ठरवी. गळवाल्याचेही तेच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. हा हिशेब समुद्राजवळचा आहे. जसजसे वर जावे, तसतशी भरती उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह इतका ओढतो की दोरीचे शिशाचे वजन तळाला टिकत नाही, म्हणून नवख्याने भांगेचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीचे, दिवस निवडावेत.

पावसाळा सरून गढूळपणा बसला की पुलाचे खांब, खडकाची नाके आणि तिवरांमधून येणाऱ्या ओहोळांची तोंडे पाहावीत. ओहोटी लागताच ओहोळातून कोलंबी आणि लहान बोयटे मासे बाहेर वाहतात व जिताडा तोंड प्रवाहाकडे करून आडोशाला थांबतो. आमिषाला जिवंत कोलंबी उत्तम. गळ तिच्या शेपटीच्या शेवटच्या पेरातून ओवावा. डोक्यातला काळा ठिपका टोचला गेला, तर ती लगेच मरते आणि मेलेल्या कोलंबीवर बहुधा जिताड्याऐवजी शिंगाळा मासाच येतो. जिताड्याच्या गालफडाच्या कडा धारदार असतात, म्हणून गळाजवळची वीतभर दोरी जाड ठेवावी. त्याने ओढ घेतली की घाई न करता दोरी सोडावी. खांबाकडे वळला, तरच रोखावे.

जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे अगदी लहान मासा परत सोडणे शहाणपणाचे. पहिल्या पावसात ओढ्यांतून चढणारे वलगणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. त्यांची चव मला ठाऊक आहे, तरीही ते धरू नयेत असेच माझे मत आहे. सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवरील वाळणकोंडात तर गळ नेऊच नये. तेथील महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात आणि हातातले चुरमुरे खायला काठाशी येतात.

महाडच्या आसपास नदीत मगरी आहेत. तेथे गुडघाभर पाण्यातही उभे राहू नये, मासे पाण्यात लोंबते ठेवू नयेत आणि ते साफ करण्याचे काम घरी गेल्यावरच करावे.