कार्यशाळेची भिंत आधी बोलकी करा

व्यवसाय शिक्षण शाळेचं आतलं रूप बदलायचं ठरलं की पहिला खर्च रंग आणि फर्निचरवर होतो. माझं मत विचाराल तर सुरुवात कार्यशाळा आणि व्हरांडा यांच्यामधल्या भिंतीपासून करा. तिथे डोळ्यांच्या उंचीवर सुरक्षा काचेची मोठी खिडकी बसवा. सुतारकामाचा विद्यार्थी जाता जाता वेल्डिंग शिकणाऱ्यांचं काम बघतो, थांबतो, प्रश्न विचारतो. वेल्डिंगच्या जागी मात्र गडद संरक्षक पडदा हवाच, नाहीतर वेल्डिंगचा प्रखर प्रकाश बघणाऱ्याच्या डोळ्यांना इजा करतो.

त्या खिडकीसमोरच बसायची सोय करा. साधारण 45 सेंमी उंचीचे बाक आणि एखादं उभं राहून वापरायचं, 100 ते 110 सेंमी उंचीचं टेबल पुरे. टेबलावर कामाचा नकाशा पसरता आला पाहिजे, आणि जवळ चार्जिंगचा सॉकेट हवा. बाक भिंतीला लावून ओळीत मांडू नका. काटकोनात ठेवले की समोरासमोर बोलणं आपोआप होतं. येण्याजाण्याची आणि आपत्कालीन वाट मात्र पूर्ण मोकळी राहू द्या.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. यंत्रांचा गोंगाट आणि कडक फरशी एकत्र आली की कुणी तिथे टिकत नाही. छताला ध्वनिशोषक फळ्या लावा.

आणि हो, आराखडा पक्का करण्याआधी मुलं मधल्या सुट्टीत कुठे घोळका करतात ते आठवडाभर बघा. खिडकी आणि बाक शक्यतो तिथेच ठेवा. जमलं तर बाक त्यांनाच बनवू द्या.