सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला टॅब देताय? मग या चुका टाळा

सीएसआरमधून म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, लोकवर्गणीतून नाहीतर माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवून शाळेला टॅब किंवा क्रोमबुक (गुगलच्या सिस्टीमवर चालणारे लॅपटॉप) मिळतात, वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो येतात आणि दिवाळीपर्यंत त्यातले बरेच ऑफिसच्या कपाटात जाऊन पडतात. असं होऊ नये म्हणून हे लिहितोय, कारण ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो त्या घरातल्या मुलीला स्वतःचं डिव्हाइस मिळणं ही खरंच मोठी गोष्ट आहे.

टॅब आला पण त्यावर काम काय द्यायचं ते ठरलंच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या दुरुस्त होतात. पेरू देशाने खेड्यापाड्यातल्या शाळांना लाखो छोटे लॅपटॉप दिले, आणि ३१९ शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये जो रिपोर्ट आला त्यात गणित आणि भाषेत काही फरक दिसला नाही. उलट अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्याने २००२ मध्ये सातवीच्या सगळ्या मुलांना आणि पुढच्या वर्षी आठवीच्या मुलांना लॅपटॉप दिले, शिक्षकांनाही दिले, ट्रेनिंग दिलं, आणि २००० आणि २००५ ची तुलना केली तेव्हा आठवीच्या मुलांचं लेखन सुधारलेलं दिसलं. त्यातही जी मुलं कच्चा मसुदा लॅपटॉपवर लिहायची, तिथेच खाडाखोड करून पक्का करायची त्यांचं जास्त चांगलं होतं. म्हणजे मुलांनी त्यावर काहीतरी स्वतः करायला हवं, नुसते व्हिडिओ बघून भागत नाही.

आपल्याकडे इथे अजून एक अडचण येते ती म्हणजे मराठी टायपिंग. मुलांना ते कुणी शिकवतच नाही, मग आठवीचा मुलगा सहलीचं वर्णन इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून देतो किंवा सरळ वहीत लिहून फोटो पाठवतो. पहिले दोन आठवडे फक्त यालाच द्या. टॅबवर जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्ड ॲपमध्ये) मराठी टाकून घ्या, क्रोमबुक असेल तर इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकवा, सुरुवातीला हात हळू चालतो पण ळ, ऱ्या, ज्ञ सगळं व्यवस्थित येतं. आणि टॅब आधी शिक्षकांच्या हातात द्या, निदान एक सहामाही आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं एका दिवसाचं ट्रेनिंग पुरत नाही हो.

सगळ्या टॅबवर सरांचाच जीमेल

हे सर्रास चालतं. सरांची बदली झाली की पासवर्डही गेला, मग कुणीतरी बटणं दाबून टॅब रीसेट करतं आणि तो चालू झाल्यावर जुनाच अकाउंट मागत बसतो, पुढे जाऊच देत नाही. रीसेट करायचाच असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट काढा. दुसरं म्हणजे सहावी-सातवीची मुलं तेरा वर्षांच्या आतली असतात, त्यांची खोटी जन्मतारीख टाकून जीमेल काढू नका. गुगलचं शाळांसाठीचं वर्कस्पेस पात्र शाळांना फुकट मिळतं, त्यात मुलांचे अकाउंट शाळेचे राहतात, पासवर्ड विसरला तर शाळाच बदलून देते. पालकांची लेखी संमती मात्र आधी घ्या.

चार्जिंगचा हिशोब

क्रोमबुकचा चार्जर साधारण ४५ वॅटचा, असे ३० एकदम लावले की १३५० वॅट होतात, आणि साध्या ६ अँपिअरच्या प्लगची मर्यादाच जेमतेम १३८० आहे. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून हे करू नका, वर्गात मुलं असतात. १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या आणि दहा-दहाच्या बॅचने लावा. सुट्टीत पूर्ण उतरलेली बॅटरी दोन महिने तशीच पडली तर ती मरते, म्हणून अर्धी चार्ज करून बंद करून ठेवा. पाठ फुगलेला टॅब दिसला तर तो चार्जिंगला लावायचाच नाही, लगेच बाजूला काढा.

घरगुती राउटरवर अख्खा वर्ग

चाळीस मुलांनी एकदम व्हिडिओ लावला की नेट बसणारच. सरकारच्या दीक्षा ॲपमधले धडे आणि बालभारतीच्या पीडीएफ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. नेट अजिबातच नसेल तर कोलिब्री हे नेटशिवाय धडे दाखवणारं सॉफ्टवेअर बघा, एका जुन्या कॉम्प्युटरवर धड्यांसकट टाकलं की त्याच्याच वायफायवर सगळ्या वर्गाला धडे मिळतात.

वरचेवर येणाऱ्या छोट्या तक्रारी: नेट चालू आहे पण प्रत्येक साइट 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' म्हणते, तर आधी तारीख-वेळ बघा, बॅटरी पूर्ण उतरल्यावर ती चुकते. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप दाबल्यासारखी वागते, तर चार्जर बदला. ॲप अपडेट होत नाही, तर बहुतेक स्टोरेज भरलंय, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढा. क्रोमबुक स्वस्तात मिळतंय म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलचे अपडेट कधी बंद होणार ती तारीख तपासा.

फुटलं तर भरून द्या

हा नियम केला की गरीब पालक टॅब घरी नेऊच देत नाहीत, आणि मग प्रत्येकाला स्वतःचा देण्याला अर्थच राहत नाही. खरेदी करतानाच दर दहामागे एक टॅब जास्तीचा घ्या, जाड कव्हर आणि स्क्रीन गार्ड त्याच बजेटमध्ये बसवा, दुरुस्तीसाठी दरवर्षीची रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये ठराव करून बाजूला काढा. टॅब दुरुस्तीला गेला की त्याच दिवशी मुलाला जास्तीतला एक हातात मिळाला पाहिजे, नाहीतर तो आठवडाभर शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसतो.