मेमरी कार्ड सोडून ॲपवर गाणी ऐकताय? या चुका टाळा

मोबाइलच्या दुकानात चोरीची गाणी कार्डात भरून घ्यायचं सोडून बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे लोक आता वर्गणी भरून ॲपवर गाणी ऐकू लागलेत. त्यातले काही जण महिन्याभरातच परत पेनड्राइव्हकडं वळतात. अडचण बहुतेक वेळा पैशाची नसतेच. ॲपनं कार्डासारखं वागावं अशी अपेक्षा असते, आणि तिथंच बिनसतं.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांची तक्रार ठरलेली: "पैसे भरले की वो, मग गाणी पेनड्राइव्हला का जाईनात?" जाणारच नाहीत. ॲपमधलं डाउनलोड म्हणजे कुलूप लावलेली फाइल; ती त्याच ॲपमध्ये, त्याच खात्यावर वाजते. आपण गाणं विकत घेत नाही, वर्गणी चालू असेपर्यंत ऐकायचा हक्क घेतो. ते कुलूप फोडणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण मग वर्गणी भरून काय मिळवलं? डेकला ब्लूटूथ असेल तर फोन जोडा, नाहीतर ऑक्सची केबल लावा. डेक फारच जुना असेल, तर चार्जिंगच्या सॉकेटात बसणारा एफएम ट्रान्समीटर घ्या. आवाज थोडा खरखरतो, पण काम भागतं.

आता रेंजचं. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्याला जाताना वाटेत नेट जातं, आणि गाणं बंद पडलं की शिव्या ॲपला बसतात. आदल्या रात्री वायफायवर गाण्यांची यादी उतरवून (डाउनलोड करून) घ्या. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून एखादं गाणं वाजवून बघा. वाजलं तरच ते खरोखर उतरलंय. स्पॉटिफायमध्ये निदान ३० दिवसांतून एकदा नेटला जोडावं लागतं, नाहीतर उतरवलेलं सगळं जातं. आवाजाचा दर्जाही बघून ठेवा, तो केबीपीएसमध्ये मोजतात: ३२० केबीपीएसला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, ९६ ला ४३ च्या आसपास. फोनच्या साध्या स्पीकरवर ऐकणाऱ्यानं ३२० ठेवणं म्हणजे डेटा वाया घालवणं.

सगळ्यात जास्त लोक हरतात ते शोधताना. कार्डातल्या फोल्डरवर "भजन नवीन" एवढंच लिहिलेलं असायचं, त्यामुळं गायक कोण, अल्बम कुठला, हे कधी कळायचंच नाही. ॲपवर नेमकी हीच माहिती लागते. त्यात आपल्याकडचं ऐकणं दोन भाषांतलं. भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कन्नड दासवाणी, म्हणजे हरिदासांची भक्तिपदं, एकाच घरात वाजतात. ॲप सुरू करताना भाषा म्हणून फक्त मराठी निवडली, तर दासवाणी आपणहून समोर येण्याची शक्यता कमी. सेटिंगमध्ये जाऊन कन्नडही निवडा. देवनागरीत नाव टाकून सापडलं नाही, तर इंग्रजी अक्षरांत टाका, मग कन्नड लिपीत. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचंही नाव असंच तिन्ही लिप्यांत टाकून बघा. जुन्या नाट्यपदांना हमखास दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज निघतो, म्हणून प्ले दाबण्याआधी गायकाचं नाव वाचा.

काही गोष्टी मात्र तिथं मिळायच्याच नाहीत. गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, गोकाककडच्या पारिजात या कन्नड लोकनाट्याच्या खेळाचं कुणीतरी केलेलं चित्रण, हे ॲपवर शोधत बसू नका. कार्ड फॉरमॅट करण्याआधी असल्या घरच्या फाइल वेगळ्या काढा. लोक सगळं एका झटक्यात पुसतात आणि मग हळहळतात.

"प्रीमियम अनलॉक" म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारं एपीके (ॲप बसवायची फाइल) हे कायदेशीर होणं नव्हे, चोरीचाच नवा प्रकार. वर फोनमधल्या बँकेच्या ॲपशेजारी कुणाचं काय बसतंय, देव जाणे. वर्गणी जड वाटत असेल तर स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, जिओसावन जाहिरातींसह फुकट ऐकता येतात, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. ॲप झेपत नाही अशा घरच्या वडीलधाऱ्यांना सारेगामाचा कारवां मराठी घेऊन द्या. एकदाच पैसे, गाणी आतच भरलेली.

आपलं खातं खानावळीत किंवा दुकानात गिऱ्हाइकांसाठी लावू नका. ते घरगुती वापरापुरतं असतं. धंद्याच्या जागेला वेगळा परवाना लागतो.

वर्षाची वर्गणी पहिल्याच दिवशी भरायची घाई नको. रेसो आणि एअरटेलचं विंक, दोन्ही २०२४ मध्ये बंद पडली. महिना-दोन महिने वापरून बघा, आवडत्या गाण्यांची यादी वहीत नाहीतर फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. आणि सोडायचं ठरलं तर ॲप नुसतं काढून टाकू नका, वर्गणी चालूच राहते. आधी जिथून भरली तिथं, प्ले स्टोअरमधून भरली असेल तर त्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये, जाऊन ती रद्द करा, मग यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत तिचं नाव राहिलंय का बघा. पैसे कापले जाण्याआधी २४ तास सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.