चूक टांकसाळीची की कानशीची?

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर डाय बसवण्यात माझी सगळी नोकरी गेली. पत्र्यातून चकत्या कापायच्या आणि त्यांच्यावर ठसा उठवायचा, हेच काम. नाणीही अशीच बनतात. म्हणून रविवारी राजवाड्याजवळ जुनी नाणी पाहताना कोणी ‘काका, हा मिंट एरर आहे’, म्हणजे नाणं टांकसाळीतच चुकीचं बनलंय, असं म्हणाला की मी एकच प्रश्न विचारतो: प्रेसच्या आत हे कसं घडलं असेल, ते सांग. नाणं किती विचित्र दिसतं याला माझ्या लेखी काही किंमत नाही. एक कोरी चकती, वरचा ठप्पा, खालचा ठप्पा आणि चकतीला बाजूने धरणारी कॉलर, एवढ्यांत ती गोष्ट घडू शकत असेल तर पुढे बोलू. नाहीतर ते बिघडवलेलं नाणं आहे.

आधी हत्यारं जमवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर आणि लोहचुंबक. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच प्रकारचं एक साधं, चांगलं नाणं. संशयित नाणं एकट्याने कधी पाहू नका, जोडीने पाहा. उजेड खिडकीतून तिरपा येऊ द्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली ओरखडे लपतात.

सुरुवात वजनापासून. 1992 ते 2010 च्या सुमाराचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅमचा, 25 मिलिमीटरचा. अकरा कोनांचे दोन रुपये 6 ग्रॅमचे, तांबे-निकेलचे. जुने जाड पाच रुपये 9 ग्रॅमचे, आणि दहाचं दोन धातूंचं नाणं 7.71 ग्रॅमचं. समजा कोणी सांगितलं की दोन रुपयांचा ठसा चुकून एक रुपयाच्या चकतीवर पडलाय. मग ते नाणं 4.85 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं आणि चुंबकाला चिकटायला हवं, कारण तो रुपया स्टीलचा आणि तांबे-निकेलला चुंबक ओढत नाही. वजन 5.4 भरलं आणि चुंबक ढिम्म, तर नाणं घासलेलं किंवा आम्लात बुडवलेलं समजा. आम्लाने अक्षरं दोन्ही बाजूंनी सारखीच विरघळल्यासारखी होतात आणि नाणं पातळ पडतं.

आता कडेचा तुकडा नसलेली नाणी. बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक यातच दिसते, म्हणून इथे थोडं थांबतो. मोठ्या पोळीवर वाटी दाबून आपण पुऱ्या कापतो, तेव्हा वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीला चंद्रकोरीसारखी खाच पडते. धातूची पट्टी पुढे सरकायला चुकली की चकतीचंही असंच होतं. म्हणजे खाचेची गोलाई त्याच आकाराच्या चकतीची हवी. चांगलं नाणं त्या खाचेत टेकवून पाहा, बरोबर बसायला हवं. पुढची खूण याहून पक्की. चकतीवर ठसा पडण्याआधी तिची कड उचलून घेणारं एक यंत्र असतं. तिथे चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला खाच असेल तर नेमक्या समोरच्या बाजूला दाब कमी पडतो आणि तिथली कड नीट उठत नाही. नाणेसंग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. तेव्हा खाच पाहून झाली की लगेच तिच्या बरोबर समोर पाहा. तिथली कड दबलेली, पुसट असेल तर नाणं खरं असण्याची शक्यता बरीच. तिथे कड ठणठणीत असेल तर मनात शंका ठेवा आणि भिंग पुन्हा खाचेवर आणा. खऱ्या खाचेजवळची अक्षरं खाचेकडे ओढल्यासारखी पसरतात, कारण धातूला तिथे मोकळी जागा मिळालेली असते. कानशीने कापलेल्या नाण्यावर अक्षर मध्येच सपकन तुटतं, आणि कापलेल्या भिंतीवर समांतर रेघा दिसतात.

दहाच्या नाण्याचा मधला भाग नाही, असं नाणं घेऊन शेजारचा मुलगा परवा आला होता. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून त्याने चांगले पैसे मोजले होते. त्याला भोकाची आतली भिंत दाखवली. कडं आणि मधली चकती ठोक्याच्या दाबाने एकमेकांत रुततात. मधला भाग नंतर ठोकून काढला तर त्या रुतण्याची खाच भिंतीवर राहते. रिकाम्या कड्यावरच ठसा पडला असता तर धातू आतल्या बाजूला सरकला असता आणि भोकाची कड गोलसर, थोडी आत आलेली दिसली असती. त्याच्या नाण्यात खाच स्वच्छ दिसत होती. मुलाचा चेहरा उतरला, पण आता भिंत कशी वाचायची ते त्याला येतं.

उलटा, आत गेलेला ठसा दिसला की लोक फार हरखतात. खरा प्रकार असा: आधीचं नाणं ठप्प्याला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच आरशातला ठसा खोल उठतो. चकती कोरी होती, हे विसरू नका. त्या बाजूला खाली दुसरी काही नक्षी असायचं कारणच नाही. वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शेगड्यात, दोन नाणी एकमेकांवर दाबून केलेल्या मालात मात्र मूळची अक्षरं चेपलेली दिसतात आणि त्यांच्यावरून उलटी अक्षरं गेलेली असतात. पाठची बाजूही पाहा. जबड्याने उंच भाग सपाट झालेले सापडतील.

दोन्ही बाजूंना एकच चित्र असलेलं नाणं बहुतेक वेळा दोन नाणी कोरून एकात एक बसवलेलं असतं. सांधा कडेच्या आतल्या अंगाला शोधा, नखाला लागतो. टेबलावर टाकलं तर आवाजही मेलेला येतो. फिरलेला ठसा असेल तर नाणं वर-खाली चिमटीत धरून फिरवा. स्वतंत्र भारताच्या नाण्याची मागची बाजू सरळ यायला हवी. ती तिरकी आली, वजन बरोबर आहे आणि सांधा नाही, तर चूक टांकसाळीचीच.

‘वर्षाखाली खूण नाही’ म्हणून विकली जाणारी नाणी घेऊ नका. मुंबईची खूण पत्त्यातल्या चौकटसारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाची टिंब आणि कोलकात्याची काहीच नाही. ती साधी कोलकात्याची नाणी आहेत.

जुन्या रुपयांत वर्ष बदलण्याची हातचलाखी चालते. 1939 चा रुपया दुर्मीळ, म्हणून 1938 चा 8 खरवडून 9 करतात. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नक्षीमागचा सपाट भाग, बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळी चमकते, तिथे भिंग धरा. 1911 च्या रुपयात तर आकड्याबरोबर राजाच्या झग्यावरचा हत्तीही पाहा. तो डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला आणि 1912 पासून हत्ती बदलला. पुढच्या वर्षाचा आकडा खोडून 1911 केला तरी हत्ती नवाच राहतो.

आपल्या इंदूरकरांसाठी एक वेगळी सूचना. होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीचे सूर्यमुखाचे रुपये सराफ्यात अजून दिसतात. ते हाताने घणाखाली पाडलेले आहेत. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे मुघल बादशाह शाह आलमच्या नावाची ओळ अर्धी कापली जाणं, ठसा एका बाजूला सरकणं, दोनदा पडणं हे त्या नाण्यांचं नेहमीचं रूप आहे. त्यासाठी जास्त पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. त्यांच्यावरचे छोटे खोल छापही बऱ्याचदा चांदी तपासणाऱ्या सराफांचे असतात. कडेवर वरच्या बाजूला डाग किंवा खड्डा असेल तर तिथे गळ्यातल्या माळेची कडी जोडलेली होती का, ते बघा. टाक्याचा रंग वेगळा दिसतो.

विकत घेण्याआधी वजन करू द्या म्हणा आणि कड पाहू द्या म्हणा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर नाणं त्याच्या हातात परत ठेवा. खरं निघालं तर पुसू नका, चिंचेने घासू तर मुळीच नका; कडेने धरून कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर वजन, व्यास आणि खाचेसमोरच्या कडेची स्थिती लिहून टाका.