आमदाराची कारकीर्द लिहिताना: सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा दाखला

दीर्घकाळ निवडून आलेल्या आमदाराचे चरित्र लिहायला बसताना आठवणींपासून सुरुवात न करता आधी निवडणुकांची सनावळी मांडावी, कारण आठवणींमध्ये पराभव सहसा गळून पडतात. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख (1926–2021) सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यातून 11 वेळा निवडून आले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु हा आकडा स्वतः जुळवून पाहावा. 1962 ते 2014 या काळात विधानसभेच्या 12 सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी 1972 आणि 1995 मध्ये ते पराभूत झाले, म्हणजे विजय 10 उरतात. अकरावा विजय 1974 च्या पोटनिवडणुकीतला आहे आणि केवळ सार्वत्रिक निवडणुकांचे निकाल चाळणाऱ्याच्या हातून तो हमखास निसटतो.

विजयांची संख्या आणि आमदारकीची वर्षे यांची गल्लत करू नये. अकरा गुणिले पाच असा हिशेब करून 55 वर्षे लिहिण्याचा मोह होतो. मात्र पोटनिवडणुकीने मिळालेली मुदत अपुरी होती, 1978 ची विधानसभा 1980 मध्येच बरखास्त झाली, आणि त्यामुळे बेरीज सुमारे 51 वर्षांवर येते.

पराभवांना स्वतंत्र परिच्छेद द्यावा. 1995 मध्ये शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी हरवले, आणि पुढच्याच निवडणुकीत देशमुख परतले. मतदारसंघाशी असलेले नाते अशा निसटत्या पराभवातून जितके उलगडते, तितके एकतर्फी विजयातून क्वचितच.

मंत्रिपदांची नोंद थोडक्यात पुरे. 1978 चे शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकार आणि 1999 चे विलासराव देशमुख यांचे सरकार, या दोन्हींत गणपतराव मंत्री होते.

खरा वेळ विधानमंडळाच्या कार्यवृत्तांवर खर्च करावा. सांगोला हा कायम दुष्काळी तालुका असल्याने पाणी, रोजगार हमी आणि शेतमाल या विषयांवरील तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) व लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या) वर्षवार उतरवून घ्याव्यात, आणि त्यांना मिळालेली उत्तरेही त्यांच्याच शेजारी लिहावीत. त्यांच्याशी निगडित सहकारी सूतगिरणीसारख्या संस्थांसाठी वार्षिक अहवाल पाहावेत. गौरवग्रंथावर विसंबू नये.

एसटीने फिरणारा साधा आमदार ही त्यांची ख्याती लेखात जरूर यावी, पण ती शेवटी आणि दोन ओळींत. तिच्यापासून सुरुवात केली, की सभागृहातले काम लिहायचे राहून जाते.